ब्रिटनची राज्यघटना आणि आजचे वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या पार्लमेंट चौकाच्या एका बाजूला संसद आहे, तिच्या समोर सर्वोच्च न्यायालय, उत्तरेला अर्थखात्याची इमारत आणि दक्षिणेला वेस्टमिन्स्टर ॲबी. देशातील सर्वोच्च अपिले ऐकणारे न्यायाधीश २००९ पर्यंत हाऊस ऑफ लॉर्ड्सचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य म्हणून संसदेच्याच इमारतीत बसत असत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते चौक ओलांडून मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये आले. गेल्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये जे घटनात्मक वाद पेटले, त्यांतील बहुतेक या इमारतींनी एकमेकींपासून किती अंतर राखावे, आणि संसदेत बहुमत असलेल्या सरकारला अडवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नापाशी येऊन थांबतात. या पानावरील उत्तरांतही तोच धागा आहे.

ब्रिटनला राज्यघटनाच नाही, हे खरे आहे का?

नाही. राज्यघटना आहे, परंतु ती एका ग्रंथात बांधलेली नाही. तिला ‘अलिखित’ म्हणण्याचा प्रघात असला तरी तिचा बराचसा भाग लिहिलेलाच आहे : १६८९ चे बिल ऑफ राइट्स, राजगादीचा वारसा ठरवणारा १७०१ चा कायदा, हाऊस ऑफ लॉर्ड्सचा नकाराधिकार काढून घेणारे १९११ आणि १९४९ चे संसद कायदे, १९९८ चा मानवी हक्क कायदा आणि त्याच वर्षीचा स्कॉटलंड कायदा. यांच्या जोडीला न्यायालयांचे निर्णय आहेत आणि संकेत आहेत, म्हणजे कायद्यात न लिहिलेले पण पाळले जाणारे राजकीय रिवाज.

समजायला सर्वांत अवघड हे संकेतच. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाने संमती द्यावी, असे कोणताही कायदा सांगत नाही. तरीही १७०८ मध्ये राणी ॲन हिने स्कॉटलंडच्या सैन्यदलाविषयीचे विधेयक नाकारले, त्यानंतर एकाही राजाने किंवा राणीने तसे केलेले नाही. हा संकेत उद्या मोडला गेला तर न्यायालय तो बजावून घेणार नाही. राजकारणात मात्र त्याची किंमत मोजावी लागेल, आणि ती किंमत मोठी आहे या जाणिवेवरच अशा संकेतांचा डोलारा उभा आहे.

संसदेचे सार्वभौमत्व म्हणजे नेमके काय?

ऑक्सफर्डचे प्राध्यापक ए. व्ही. डायसी यांनी १८८५ मध्ये मांडलेली व्याख्या आजही सर्वत्र उद्धृत होते. संसद कोणताही कायदा करू शकते किंवा रद्द करू शकते, आणि संसदेने केलेला कायदा रद्दबातल ठरवण्याचा अधिकार देशातील कोणत्याही व्यक्तीला वा संस्थेला नाही, असे तिचे दोन भाग आहेत. आपल्याकडील वाचकाला हे चटकन पटत नाही, कारण मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्यवत ठरेल असे आपले कलम १३ सांगते, आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यानंतर घटनादुरुस्तीसुद्धा मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासली जाते. ब्रिटिश न्यायाधीशाच्या हाती यांपैकी काहीही नाही.

तरीसुद्धा सगळे कायदे एकाच तोलाचे मानावेत का, हा प्रश्न तेथेही उभा राहिला, आणि तो उभा केला केळ्यांनी. इंग्लंडच्या ईशान्येकडील संडरलंड येथील बाजारात एक विक्रेता किलोऐवजी पौंडाने केळी तोलून देत असल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. वजने किलोतच असली पाहिजेत हा नियम युरोपीय समुदायाच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या पूर्वरूपाच्या, कायद्यातून आलेला होता. हे प्रकरण अपिलात गेले, तेव्हा २००२ मध्ये लॉर्ड जस्टिस लॉज यांनी सांगितले की काही कायदे ‘घटनात्मक कायदे’ असतात. नंतरच्या एखाद्या कायद्यातील मोघम शब्दांनी ते आपोआप बाद होत नाहीत, ते बाद करायचे तर संसदेने तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. विक्रेता खटला हरला, पण त्याच्या तराजूमुळे आलेले हे तत्त्व पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याही विचारसरणीत उतरले.

मग संसद वाटेल तो कायदा करू शकते का?

डायसींना विचारले असते तर त्यांनी ‘हो’ म्हटले असते. आजचे सगळे न्यायाधीश तितक्या निःशंकपणे ‘हो’ म्हणणार नाहीत.

२००५ च्या जॅक्सन खटल्यात कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याला आव्हान देण्यात आले होते. तो कायदा लॉर्ड्सच्या संमतीविना, संसद कायद्यांचा आधार घेऊन मंजूर झाला होता. नऊ न्यायाधीशांनी तो वैध ठरवला. परंतु लॉर्ड स्टाइन, लॉर्ड होप आणि लेडी हेल यांनी ओघात काही वेगळे सुचवले. संसदेचे सार्वभौमत्व हे न्यायालयांनीच घडवलेले तत्त्व आहे, आणि संसदेने उद्या न्यायालयीन पुनर्विलोकनच, म्हणजे सरकारचे निर्णय कायद्याला धरून आहेत का हे तपासण्याचा न्यायालयांचा अधिकारच, मोडीत काढण्याचा प्रयत्न केला तर त्या तत्त्वाला मर्यादा घालण्याचा विचार न्यायालयांना करावा लागेल, असा लॉर्ड स्टाइन यांच्या विवेचनाचा आशय होता. ही मते बंधनकारक नाहीत, आणि त्यांच्या आधारे आजवर एकही कायदा रद्द झालेला नाही. मात्र ती निकालपत्रात लिहिलेली आहेत आणि सरकारी वकिलांनाही ती ठाऊक आहेत, एवढ्यानेसुद्धा फरक पडतो असे मला वाटते.

२०१९ मध्ये संसदेचे सत्र समाप्त करण्याचा सल्ला बेकायदा का ठरला?

आजच्या बहुतेक वादांचे मूळ या प्रकरणात आहे, म्हणून ते थोडे सविस्तर पाहू.

२८ ऑगस्ट २०१९ रोजी बाल्मोरल येथे राणी एलिझाबेथ यांच्या समक्ष प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे त्यांच्या सल्लागार मंडळाची, बैठक झाली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संसदेचे सत्र समाप्त करून १४ ऑक्टोबरला नवे सत्र भरवण्याचा आदेश तेथे निघाला. सत्रसमाप्तीत एरवी गैर काही नसते. जुने सत्र संपवून नवे सुरू करण्याची ती नेहमीची रीत आहे, आणि नव्या सत्राच्या अभिभाषणाची तयारी साधारण चार ते सहा दिवसांत होते असा पुरावा न्यायालयापुढे होता. या वेळी संसद पाच आठवडे बंद राहणार होती, आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती. एका पिढीतील सर्वांत मोठ्या निर्णयाच्या तोंडावर, सरकारला जाब विचारणारे सभागृहच बंद होणार होते.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथील अपील न्यायालयाने हा सल्ला बेकायदा ठरवला, तर लंडनच्या उच्च न्यायालयाने हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा असल्याचे सांगितले. दोन्ही अपिले एकत्र ऐकून सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने निकाल दिला. पंतप्रधानांच्या मनात काय होते, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. त्याने पाहिला तो परिणाम : संसदेला कायदे करण्याच्या आणि सरकारवर देखरेख ठेवण्याच्या कामात अडथळा येतो का, आणि येत असेल तर त्याला वाजवी कारण आहे का. अडथळा उघड होता, आणि पाच आठवड्यांचे समर्थन करणारे शपथेवरचे निवेदन पंतप्रधानांकडून आलेले नव्हते.

निकालाच्या अखेरीस एक उपमा आहे. राणीला दिलेला सल्लाच बेकायदा, म्हणून त्यावर आधारलेला आदेश बेकायदा, आणि म्हणून तो आदेश घेऊन राणीच्या वतीने सभागृहात आलेल्या आयुक्तांच्या हातात जणू कोरा कागदच होता, असे न्यायालयाने म्हटले. पानभर शाही शब्द असलेला दस्तऐवज एका वाक्यात कोरा झाला. याचा अर्थ सत्र संपलेच नव्हते, त्यामुळे ते पुन्हा बोलावण्याचाही प्रश्न उरला नाही. दुसऱ्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, खासदार आपल्या जागांवर येऊन बसले.

हा निकाल म्हणजे न्यायालयाने राजकारणात घेतलेली उडी नव्हे काय?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांत मोठे घटनातज्ज्ञही आहेत. त्यांचे म्हणणे असे की सत्रसमाप्तीला कालमर्यादा घालणारा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. न्यायालयाने एका संकेताचे रूपांतर कायद्याच्या नियमात केले, आणि ‘वाजवी कारण’ ही कसोटी त्या दिवशी पहिल्यांदा वापरली. शिवाय संसदीय कामकाजाची न्यायालयात चिकित्सा होऊ नये असे बिल ऑफ राइट्सचे नववे कलम सांगते. या शेवटच्या मुद्द्यावर न्यायालयाचे उत्तर मला निर्विवाद वाटते : सत्रसमाप्ती हा संसदेचा निर्णय नसतो, खासदार त्यावर मतदान करत नाहीत, ती बाहेरून संसदेवर लादली जाते.

पहिल्या आक्षेपाबाबत प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. माझे मत निकालाच्या बाजूचे आहे. संसद सार्वभौम असेल तर तिच्या दाराला बाहेरून कडी घालण्याची मुभा कार्यकारी सत्तेला असू शकत नाही, कारण ती मुभा मान्य केली की सार्वभौमत्व पंतप्रधानाच्या हातात जाते आणि संसदेकडे नुसते नाव उरते. राजाच्या आदेशालाही कायद्याची मर्यादा आहे, हे सतराव्या शतकाच्या प्रारंभी सर एडवर्ड कोक यांनी राजा पहिल्या जेम्सला ऐकवले होते. २०१९ चे न्यायाधीश त्याच वाटेने गेले.

सरकारने मात्र वेगळा बोध घेतला. लॉर्ड फॉक्स यांच्या अध्यक्षतेखाली न्यायालयीन पुनर्विलोकनाचा आढावा घेण्यात आला. २०२२ मध्ये, लोकसभेसारख्या असलेल्या हाऊस ऑफ कॉमन्सच्या विसर्जनाचा अधिकार राजाकडे, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानाकडे, परत देणारा कायदा झाला, आणि या अधिकाराच्या वापराविषयी न्यायालयाने प्रश्न विचारू नये असे त्यातच लिहून ठेवण्यात आले. हा कायदा विसर्जनापुरता आहे. सत्रसमाप्तीविषयीचा २०१९ चा निकाल अबाधित आहे.

ब्रेक्झिटविषयीचा २०१७ चा निकाल यापेक्षा वेगळा कसा?

तेथे प्रश्न असा होता की युरोपीय संघ सोडण्याची सूचना सरकार आपल्या विशेषाधिकारात देऊ शकते, की त्यासाठी संसदेचा कायदा हवा. आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने कायदा हवा असे सांगितले, कारण युरोपीय समुदायात सामील होण्यासाठी केलेल्या १९७२ च्या कायद्याने नागरिकांना मिळालेले हक्क सरकार परस्पर काढून घेऊ शकत नाही. तीन न्यायाधीशांचे भिन्नमतही वाचण्याजोगे आहे. त्याआधी उच्च न्यायालयाने हाच निर्णय दिला तेव्हा एका वृत्तपत्राने तिन्ही न्यायाधीशांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापून वर ‘जनतेचे शत्रू’ असा मथळा दिला होता. संसदेला निर्णयाचा हक्क मिळवून देणाऱ्या न्यायाधीशांना जनतेचे शत्रू ठरवले जावे, याचे दुःख वाटते.

रवांडा प्रकरणात संसदेने न्यायालयावर मात केली का?

कायद्याच्या दृष्टीने केली. परंतु ज्या रीतीने केली, ती मला या सगळ्या काळातील सर्वांत चिंताजनक घटना वाटते.

आश्रय मागणाऱ्या काही लोकांना ब्रिटनमधून रवांडाला पाठवण्याची योजना एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुराव्यांच्या आधारे, एकमताने असा निष्कर्ष काढला की रवांडात या लोकांच्या अर्जांची नीट तपासणी होईल याची खात्री नाही, आणि जेथून जीव वाचवून ते पळाले तेथेच त्यांना परत धाडले जाण्याचा खरा धोका आहे. सरकारने रवांडाशी नवा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला. निर्णय घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आणि न्यायालयाने रवांडा हा सुरक्षित देश आहे असेच अंतिमतः मानावे, असे त्या कायद्यात म्हटले होते.

येथे थोडे थांबले पाहिजे. न्यायालयाने लावलेला कायद्याचा अर्थ संसदेला पटला नाही, तर तिने कायदा बदलावा. तो तिचा हक्कच आहे. पण एखादा देश सुरक्षित आहे की नाही ही वस्तुस्थिती आहे, आणि ती पुराव्याने ठरते. ती कायद्याने ठरवून न्यायालयांनी तिच्याकडे पाहू नये असे सांगणे म्हणजे न्यायाधीशासमोरचा पुरावाच उचलून नेणे होय. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने योजना गुंडाळली, त्यामुळे लॉर्ड स्टाइन यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या मर्यादेची परीक्षा झालीच नाही.

पोस्ट ऑफिस प्रकरणातही संसदेने न्यायालयांचे निकाल बदलले. मग त्यावर तेवढी टीका का झाली नाही?

कारण तेथे अन्याय सहन केलेल्या माणसांच्या बाजूने कायदा झाला. होरायझन या सदोष संगणक प्रणालीने दाखवलेल्या खोट्या तुटीवरून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उप-पोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवण्यात आले. गल्लीतील छोटे पोस्ट चालवणारी ही माणसे. रात्री दुकान बंद करून गल्ल्यातील रक्कम पुन्हा पुन्हा मोजत, आणि पडद्यावरची तूट तरीही तशीच राही. कित्येकांनी ती स्वतःच्या खिशातून भरली. काही जण तुरुंगात गेले. अपील न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, पण एकेक अपील ऐकत बसले तर अनेकांचे आयुष्य सरून जाईल हे दिसत होते. म्हणून मे २०२४ मध्ये संसदेने इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील अशी दोषसिद्धी सरसकट रद्द केली.

माझ्या मते हा कायदा करणे आवश्यक होते. तरीही पायंडा म्हणून तो अस्वस्थ करणारा आहे, कारण जी संसद कायद्याने सरसकट निर्दोष ठरवू शकते तिला उलट दिशेनेही जाण्याचा मोह होऊ शकतो. हा कायदा अपवादात्मक आहे हे सरकारनेच त्या वेळी वारंवार सांगितले, ते बरे झाले.

युरोपीय मानवी हक्क करारातून बाहेर पडण्याची मागणी कशावर आधारलेली आहे?

आधी एक घोटाळा दूर करू. हा करार युरोपीय संघाचा नाही. तो युरोप परिषदेचा आहे, १९५० चा आहे आणि त्याचे न्यायालय स्ट्रासबर्गला आहे. त्यामुळे ब्रेक्झिटनंतरही तो ब्रिटनवर बंधनकारक राहिला. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याने त्यातील हक्क ब्रिटिश न्यायालयांत मागता येऊ लागले. न्यायाधीश शक्य तेथे कायद्याचा अर्थ त्या हक्कांशी जुळवून घेतात, आणि ते अशक्य असेल तर कायदा करारातील हक्कांशी विसंगत असल्याची घोषणा करतात. या घोषणेने कायदा रद्द होत नाही, पुढे काय करायचे ते संसद ठरवते. परदेशी संशयितांना खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या तरतुदीविषयी डिसेंबर २००४ मध्ये अशी घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी संसदेने ती व्यवस्था बदलली. सार्वभौमत्व आणि हक्क यांची इतकी सुरेख सांगड क्वचितच घातली गेली असेल.

करार सोडावा असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा स्थलांतराचा आहे. बेकायदा आलेल्यांना परत पाठवण्याच्या आड हा करार येतो, अशी त्यांची तक्रार असते. हुजूर पक्षाने ऑक्टोबर २०२५ मध्ये करार सोडण्याचे धोरण जाहीर केले. रिफॉर्म यूके पक्षाची भूमिकाही तीच आहे. सहा महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडता येते, हे खरे. अडचण उत्तर आयर्लंडची आहे. तेथील हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारात, हे हक्क तेथील कायद्यात आणण्याचे वचन ब्रिटिश सरकारने दिलेले आहे. शांततेच्या त्या कराराला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार झाला पाहिजे.

स्कॉटलंड स्वतःहून सार्वमत घेऊ शकतो का?

नाही. २०१४ चे सार्वमत लंडनच्या संमतीने झाले होते आणि त्यात सुमारे ५५ टक्के मतदारांनी संघराज्यात राहण्याचा कौल दिला. दुसरे सार्वमत एडिंबराच्या संसदेला स्वतःच्या अधिकारात घेता येईल का, असे विचारले गेले तेव्हा २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नकार दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे ऐक्य हा विषय १९९८ च्या कायद्याने लंडनकडे राखून ठेवला आहे, आणि सार्वमत केवळ सल्लागार स्वरूपाचे असले तरी ते त्या विषयाशी संबंधितच ठरते, असे कारण न्यायालयाने दिले.

कायदा म्हणून हा निकाल बरोबर आहे. पण ऐक्य स्वेच्छेचे आहे असे सर्वच पक्ष म्हणत असताना त्यातून बाहेर पडण्याचा रस्ता कोठे आहे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. सेवेल संकेताची कथाही अशीच आहे. प्रादेशिक संसदेकडे सोपवलेल्या विषयांवर तिच्या संमतीविना लंडनने ‘सामान्यतः’ कायदा करू नये, हा तो संकेत. २०१६ मध्ये तो कायद्यात उतरला. तरीही तो राजकीय संकेतच आहे, न्यायालय तो बजावून घेणार नाही, असे २०१७ मध्ये ठरले. जानेवारी २०२० मध्ये ब्रेक्झिटच्या कायद्याला स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या तिन्ही ठिकाणच्या विधिमंडळांनी संमती नाकारली, आणि कायदा झाला.

हाऊस ऑफ लॉर्ड्सचे काय होणार?

१९९९ च्या सुधारणेत वंशपरंपरेने आलेल्या उमरावांना काढून टाकताना तडजोड म्हणून ९२ जागा ठेवल्या गेल्या. त्या ‘तात्पुरत्या’ होत्या आणि पंचवीस वर्षे टिकल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने त्या रद्द करण्याचे विधेयक आणले. मूळ प्रश्न पंतप्रधानाने या सभागृहावर किती जणांची नेमणूक करावी हा आहे, आणि त्या संख्येवर कायद्याची मर्यादा नाही.

ब्रिटनने आता राज्यघटना एका ग्रंथात लिहून काढावी का?

हाऊस ऑफ कॉमन्सच्या एका समितीने राजसत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या आठशेव्या वर्षाच्या निमित्ताने यावर विस्तृत काम केले होते. त्यातून काही घडले नाही. विरोधकांचा युक्तिवाद असा की लवचिकपणा हेच या व्यवस्थेचे बळ आहे आणि लिखित घटना आली की अंतिम शब्द न्यायाधीशांचा होतो.

या प्रश्नावर मराठी वाचकाला एक जवळचा दाखला आठवेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले आणि ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. ब्रिटिश व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी घटनात्मक नीतीचा प्रश्न उपस्थित केला. ही भावना उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि ती रुजलेली नसेल तर कारभाराचे रूप बदलूनही घटना विकृत करता येते. म्हणून प्रशासनाचे तपशीलही घटनेतच लिहिणे इष्ट, असा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रिटनमध्ये ती भावना मुरलेली आहे असे तेव्हा गृहीत धरले जाई. २०१९ आणि २०२४ मधील घटनांनंतर ते गृहीत धरणे कठीण झाले आहे, आणि म्हणून निदान संसदेचे भरणे, न्यायालयांचे दार उघडे असणे आणि प्रादेशिक संसदांची संमती एवढ्या तीन गोष्टी तरी साध्या बहुमताच्या आवाक्याबाहेर लिहून ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

या विषयाचे वाचन कोठून सुरू करावे?

सत्रसमाप्तीच्या २०१९ च्या निकालापासून. तो सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, अवघ्या ७१ परिच्छेदांचा आहे आणि साध्या भाषेत लिहिलेला आहे. त्यानंतर २०१७ च्या निकालातील लॉर्ड रीड यांचे भिन्नमत वाचावे, म्हणजे दुसऱ्या बाजूचे बळ कळेल; पुढे तेच सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष झाले आणि स्कॉटलंड व रवांडा या दोन्ही प्रकरणांत त्यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने निकाल दिले. जॅक्सन खटला त्यांच्यानंतर हाती घ्यावा. तो लांब आहे आणि नऊ न्यायाधीशांची मते वेगवेगळी वाचावी लागतात.